मागच्या सीटवरचं वजन

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या जुन्या गाडीत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स एकदाचा बसला. जुन्या चार गिअरवर ती चढावर रडायची, आता पाचव्यात नुसती तरंगते. पण साठपर्यंतच. साठ ओलांडले की सीटखालून थरथर सुरू होते आणि आरसा इतका हलतो की मागचं काही दिसत नाही.

शाफ्टचे कोन मी जपून लावलेत. गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवलेलीच होती, तिथेच खाली शिरून मोजलं. गिअरबॉक्सचं शेपूट तीन अंश खाली, मागच्या अ‍ॅक्सलचं नाक तीन अंश वर. दोन्ही समांतर, बाबा सांगायचे तस्सं. नवा गिअरबॉक्स लांब म्हणून तिथून अ‍ॅक्सलपर्यंतचा मधला शाफ्ट आखूड करून घेतला होता, त्याचाच तोल बिघडला असणार.

वीस तारखेला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एक डोळा तर गेलाच, दुसऱ्याची ही तारीख हुकली तर डॉक्टर काही खात्री देत नाहीत. तीन तासांचा रस्ता, बसमध्ये तिला उलट्या होतात, आणि तिचा हट्ट ठाऊक आहेच: जाईन तर ह्यांच्याच गाडीतून. तू काळजी करू नकोस. करशीलच म्हणा.

तुझा,
बारक्या

७ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आकडे वाचून आधी शाबासकी द्यावीशी वाटली, मग ते पुन्हा वाचले. कोन जुळले असते तर शाफ्ट गपगुमान फिरला असता. कारखान्यात मी दिवसभर मापंच तपासते. आकडा सुरेख आणि मोजलं मात्र चुकीच्या जागी, असं रोज बघते. मला एकच सांग: मोजताना चाकं जमिनीला टेकली होती का? गाडी घोड्यांवर असली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो. लोंबत्या अ‍ॅक्सलचा कोन रस्त्यावर काय कामाचा?

बाबांनी ओढून आणलेली ती पांढरी गाडी आठवते? शाफ्टच्या पुढच्या सांध्यातला क्रॉस तुटला, शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं आणि गाडी त्यावरून उलटली. चालवणारा वाचला. मागे बसलेली त्याची बायको नाही वाचली. तिची चप्पल बाबांनी किती दिवस फळीवर ठेवली होती.

नीट मोजेपर्यंत आईला गाडीत बसवू नकोस. माया आहेच, पण आधी उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
ताई

११ मार्च

ताई, नमस्कार.

शाफ्ट टर्नरकडून पुन्हा तोलून आणला. आता थरथर साठऐवजी पासष्टला येते, म्हणजे माझंच खरं होतं. मी पन्नासच्या वर जाणारच नाही, मग झालं?

बाबांनी शिकवलं तुला आणि गॅरेजच्या किल्ल्या दिल्या मला, हे मलाही कळतं. गिऱ्हाईकं अजून विचारतात की तुमची बहीण कधी येणार. आणि मापांचं एवढं आहे तर बाबांचं कोनमापक कुठे गेलं ते सांग. बाबा गेल्यापासून ड्रॉवर रिकामा आहे. मी सुताराच्या मापावर भागवलंय. वीसला पहाटे पाचला निघतोय. आता तुझं पत्र आलं तरी मी ते आईला वाचून दाखवीन आणि ठेवून देईन.

बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

चाकांबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस, तेव्हा उत्तर मिळालं.

कोनमापक माझ्याकडे आहे. बाबा गेले त्या दिवशी मी ते न विचारता पिशवीत टाकलं. गॅरेज तुला मिळालं आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही, याचा राग होता. चोरीच ती. या पत्रासोबत पार्सल करतेय. हे माझ्या ड्रॉवरमध्ये नसतं तर तू ते हातात धरलं असतंस आणि बाबांची रीतही आठवली असती. माझं चुकलं.

पन्नासच्या आत थरथर जाणवत नाही, म्हणून ती नसते असं नाही. क्रॉस तिथेही झिजतोच. पाया पडते, एकदा मोज. गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घे, चाकं टेकलेली, टाकी भरलेली, आणि जितकी माणसं जाणार तितकं वजन आत. फरक निघाला तर स्प्रिंगचे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मधे पाचर घाल. बाबा प्रत्येक वेळी आईला मागच्या सीटवर बसवायचे, ते काही गप्पा मारायला नव्हे.

रागाव, बोलू नकोस, पण मोज.

तुझी,
ताई

१९ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे, अंदाजानेच लिहितेय. काल तुझं पत्र बारक्याने मला वाचून दाखवलं आणि गप्पांच्या वाक्याशी येऊन थांबला. लग्नापासून तुझे बाबा मला हाक मारायचे आणि मी विणकाम घेऊन मागे जाऊन बसायचे. ते खालून काहीबाही बोलायचे, मी हूं हूं करायचे. मला वाटायचं, माणसाला सोबत लागते.

म्हटलं, असू दे, वजन तर वजन. गेले आणि सवयीच्या जागी बसले. मोजल्याशिवाय उतरणार नाही, असं सांगितलं. त्याने पार्सल फोडलं, स्वतःच्या जागी पुढे वाळूचं पोतं ठेवलं आणि खड्ड्यात उतरला. तो तीन आणि तीन म्हणत होता ते तीन आणि सात निघालं. मग शाफ्ट काढला आणि पुढचा क्रॉस माझ्या हातात ठेवला. मला दिसत नाही, पण बोटांना कळलं. दात पडायच्या आधी हलतो तसा हलत होता. बारक्या पायरीवर बसून रडला. म्हणाला की परवानंतर ताईचं तोंड बघायला मी नसतोच आणि तूही नसतीस.

नवा क्रॉस घातला, पाचरी घातल्या, मला बसवून पुन्हा मोजलं. आज सत्तरने फिरवून आणलं. थरथर नाही. उद्या पाचला निघतो. तुझ्यावर तो रागावलेला नाही, कोनमापक मात्र परत देणार नाही म्हणतो.

एक राहिलंच. दुसऱ्यांदा मोजताना मी आपलं सहज म्हटलं की इतकी वर्षं मी उगाच स्वतःला सोबत समजत होते. खाली त्याने कोनमापक बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला की बाबांना नुसतं वजनच हवं असतं, तर वाळूची पोती या गॅरेजात तेव्हाही होती.

पट्टी सुटली की आधी तुला बघायचंय, ये.

तुझी,
आई