पानाच्या कडेचं 'वाऽ!'

रविवार संध्याकाळ, हुडकेश्वर

वाचकमंडळातून आलो तो डोकं खराब करूनच. राग कुणावर काढू? स्वतःवरच. आमच्यात पुस्तकाची एकच प्रत घरोघरी फिरते, आणि आवडलेल्या जागी प्रत्येकानं पेन्सिलनं काहीतरी लिहायचं असतं. या खेपेला ती जुनी अमेरिकन साहसकादंबरी होती, माझी शाळेपासूनची लाडकी. वादळात कप्तान दोर कापतो आणि जहाज वाचतं, तिथं मी 'वाऽ!' लिहिलं होतं.

सुषमानं नेमकं तेच पान उघडलं. "काका, त्या दोराले स्वयंपाकी लटकून होता ना? मग 'वा' काहून?"

गोपाळराव म्हणाले, "गोष्ट आहे वं ती, मनावर काहून घेतं?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

"माझे बाबा कोराडीले कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होते," ती एवढंच बोलली.

पन्नास वर्षांत चारदा वाचलं हे पुस्तक. दोर दिसला, जहाज दिसलं. तो माणूस एकदाही दिसला नाही?

घरी येताच खोडरबर शोधला. प्रत आज रात्रीपुरती माझ्याकडेच आहे, उद्या पुढच्या घरी जायची आहे. पण लिहिलेलं कुणी खोडायचं नाही, हा मंडळाचा नियम मीच केलेला.