चेंडू टोपलीत जात नाही

३ मार्च
सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. शनिवारी आमच्याकडे येणार, दोन महिने. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. बायकोने त्यांना आधीच कळवलं होतं, तो भाग वेगळा. भेटायला गेलो तर बाई मोबाइलवर गेम खेळत पडलेल्या. फळ्या लावायच्या, ठोकळे रचायचे, चेंडू घरंगळवत टोपलीत पाडायचा. म्हणे यात फिजिक्स आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. इथे एकही समीकरण नाही, नुसतं बोटाने ढकलायचं. याला फिजिक्स म्हणायचं तर माश्या मारण्याला शिकार म्हणा.

४ मार्च
गेम घेतला. फक्त चुका काढायला. सुरुवातीच्या लेव्हल्स पोरखेळ. निष्कर्ष: रिकामटेकड्यांची सोय. उद्या सकाळी अनइन्स्टॉल.

५ मार्च
केला नाही. अभ्यास अर्धवट सोडणं माझ्या रक्तात नाही. बाराव्या लेव्हलला चेंडू फळीच्या टोकापर्यंत जातो, अडतो, डुगडुगतो आणि खाली पडतो. दर वेळी. यांची ग्रॅव्हिटीच चुकलेली आहे. कंपनीला सविस्तर मेल पाठवली, खाली सगळ्या डिग्र्यांसकट.

बायको म्हणाली, लेक्चर चुकलं का आज. मी म्हणालो, काम चालू आहे.

६ मार्च
डॉक्टरांनी बजावलंय, सासूबाईंनी खाली बसायचं नाही, उंच खुर्चीच हवी. त्यांची स्वतःची अवजड लाकडी खुर्ची उद्या टेम्पोने येणार. आमचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. बायकोने दोन हमाल ठरवले होते. मी परस्पर नको म्हणून कळवलं. ज्याला गुरुत्वमध्य कळतो त्याला हमाल कशाला? जिन्याचा कोन मोजला, कागदावर आकृती काढली. बायकोने विचारलं, वळणावर काय करणार? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

कंपनीचं उत्तर आलं. ग्रॅव्हिटी बरोबर आहे. लहान मुलांसाठी कोपऱ्यात 'मदत' नावाचं बटण आहे. कोडगे लेकाचे.

७ मार्च, दुपार
खुर्ची वळणावर अडकली. वरच्या बाजूला मी, खाली बायको. सासूबाई तळमजल्यावरच्या टेलरकडे. त्याच्याकडचं स्टूल बुटकं, म्हणून त्यांना कापड कापायच्या टेबलावर बसवलंय. खुर्ची वर गेल्याशिवाय त्यांनाही जिना चढता येत नाही. जिना बांधणाऱ्या गवंड्याची अक्कल मी मोठ्याने काढली. बायको 'अंगण वाकडं' एवढंच पुटपुटली. दुर्लक्ष केलं.

थोड्या वेळाने
रेटलं, ओढलं, भिंतीचा पोपडा निघाला. डोकं शांत व्हावं म्हणून पायरीवर बसून जरा बारावी लेव्हल उघडली. खालून बायकोने विचारलं काय करताय. आकडेमोड, असं सांगितलं. तेवढ्यात फोनने हरल्याची पिपाणी वाजवली.

बायकोने हात पुढे केला. खुर्चीच्या हातांमधून मी फोन दिला. तिने तो आईला नेऊन दिला.

संध्याकाळ
त्या टेबलावर बसल्या बसल्या सासूबाईंनी बारावी लेव्हल संपवली. वाट अडवणारी फळी मीच लावली होती म्हणे, ती काढली की झालं. मग टेलरच्या खांद्याला धरून जिन्याच्या तोंडाशी आल्या. दुखण्याने चेहरा पार उतरला होता. ते बघून मला वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. वर बघून म्हणाल्या, "जावईबापू, खुर्ची नाही अडकली. तुम्ही मध्ये उभे आहात. घरात जा."

मी घरात गेलो. टेलर आणि बायकोने मोकळ्या जागेत खुर्ची फिरवली आणि वर आणली. अर्थात आकृती माझीच होती.

८ मार्च
सासूबाई त्यांच्या खुर्चीत मजेत. मी गेमला आज कायमचा रामराम ठोकणार होतो, पण तेरावी लेव्हल एकदा पाहून ठेवावी म्हटलं. चेंडू टोपलीच्या काठावर बसतो आणि आत जात नाही. सहज, त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून फोन घेऊन खोलीत गेलो. त्यांनी स्क्रीन पाहिली, मग चष्म्यावरून मला पाहिलं.

"आधी 'मला येत नाही' म्हणा, मग दाखवते."

बायको स्वयंपाकघरात होती. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो.