आईची पाच बोटं आणि कणकेचा पाव

बोरिवली, मंगळवार, १२ जानेवारी १९७१

आज जन्मात पहिल्यांदा पाव केला, तोही कणकेचा. विषमज्वरातून उठल्यापासून सुधाच्या तोंडाला चव नाही. काहीही पुढे केलं की 'नको'. डॉक्टर म्हणाले, पाव देऊन पाहा, पण मैद्याचा नको. शेजारच्या फिलोमिनाबाईंनी खमीर दिलं, परसातली भट्टीही देऊ केली. "मास्तर, कणीक उबेत ठेवा नि तासभर हात लावू नका."

मी नाही लावला. आईने लावला. झाकण काढतो तर फुगलेल्या गोळ्यात पाच बोटं खोल रुतलेली आणि गोळा बसलेला.

"आई, हे काय?"

"गुळगुळीत गोळा तसाच ठेवतात का रे? पिंडासारखा दिसतो. घरात सून आजारी आहे."

याला शास्त्रात आधार नाही, असं सांगणार होतो. पण तिने तोवर झाकण परत ठेवलंही होतं. कशाला सांगा? तसाच भाजून आणला. वरच्या कवचावर पाच बोटं स्पष्ट. यज्ञात देवांना देत तो पुरोडाशही असाच घट्ट असणार; देवांनी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

सुधाने एक तुकडा दुधात बुडवून बराच वेळ चघळला. आई आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"उद्या मला मऊ भात द्या," ती म्हणाली, "मेतकूट घालून. हे चावायला आधी अंगात ताकद हवी."

बारा दिवसांत तिने आज पहिल्यांदा काही मागितलं. आईने तांदूळ आत्ताच निवडायला घेतलेत.