दुखत नव्हतं तरी

बुधवार, दिवेलागणीची वेळ. काचीगुडा.

आज मी खोटं बोलले. सत्तरीत! तेही व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या सबिहाशी. खांद्याचा सांधा बदलून तीन महिने झाले. आठवड्यातून दोनदा ती येते, माझा दंड धरून हात वर नेते, जिथवर पोचेल तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करते. आज तिने मागच्या खुणेच्या वीतभर वर नवी रेघ मारली. म्हणाली, "यहाँ तक गया तो छुट्टी, आंटी."

छुट्टी म्हटल्यावर माझा हात कानापाशीच थांबला. मीच थांबवला.

"दुखरा क्या?"

"हौ, बहुत."

का म्हणाले असं? पण तिच्याशिवाय मला हात लावणारं माणूस तरी कोण आहे?

तिचा चेहराच उतरला. "मेरेइच से कुछ गलत हुआ क्या?" म्हणत ती डॉक्टरांना फोन लावायला लागली. मला ते बघवेना. "ठैर," म्हणाले आणि हात सरळ वर नेला. त्या रेघेच्याही वर.

ती बघतच राहिली. रागावली नाही. माझ्या खांद्यावरून एकदा हात फिरवला, "अच्छे हो गये आप," म्हणाली आणि पिशवी उचलून पुढच्या पेशंटकडे गेली.

मग पुण्याला मुलाला, सुहासला, फोन करून हात बरा झाल्याचं सांगितलं.

"चला, एक काळजी मिटली," तो म्हणाला. "म्हणजे आता मी रोज फोन करायला नको ना, आई?"

"नको," म्हणाले मी.