गैरहजर मायाप्पा बंडगर यांस मयत लिहिण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मोबदला अंमलदारसाहेब,
वेठहक्क चौकशी कचेरी,
मुक्काम सोलापूर.

अर्जदार : धुळा मायाप्पा बंडगर, वय वर्षे २६, धंदा गिरणीत साचेवाला, मूळ राहणार मौजे खिलारमाळ, तालुका सांगोले, हल्ली राहणार सोलापूर.

विषय : मौजे खिलारमाळच्या वेठयादीतील अनुक्रमांक १७ यांस "गैरहजर" ऐवजी "वेठीवर मयत" लिहिणे, व त्यांच्या नावाचा मोबदला इनामदारांस न देणे.

संदर्भ : आपल्या कचेरीची नोटीस, तारीख ७ मे १९३४, माझ्या वडिलांच्या नावची.

महोदय,

१. आपली नोटीस पोचली. आपल्या शिपायाने चाळीच्या चौकात उभे राहून "मायाप्पा बंडगर कोण?" असा पुकारा केला. सतरा वर्षांत माझ्या बापाला सरकारने मारलेली ही पहिली हाक. तो हयात नसल्यामुळे ओ मी दिली आणि कागद घेतला. त्याचे उत्तर मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे गेलो होतो, परंतु त्याने सुरुवातच "हे गरीब अनाथ लेकरू हुजुरांच्या पायांशी" अशी केली. मी अनाथ नाही, माझी आई जिवंत आहे, आणि पायांशी बसून लिहिता येत नाही. म्हणून त्याचे दोन आणे बुडवून उठून आलो.

२. नोटिशीतला मजकूर मला समजला तो असा. खिलारमाळ येथील वेठ सन १९३२ साली सरकारने बंद केली. त्यामुळे गावचे इनामदार श्रीमंत विरुपाक्षराव देसाई यांचा एक्केचाळीस माणसांकडून फुकट काम करून घेण्याचा पिढीजाद हक्क बुडाला. त्यांचे नुकसान झाले म्हणून सरकार त्यांना दर नावामागे सालीना बारा रुपये मोबदला देणार आहे. त्यासाठी यादीतील प्रत्येक इसमाने सोमवार तारीख २८ मे रोजी जातीने हजर राहून "मी वेठ करीत होतो" अशी सही अगर अंगठा द्यावा. जो येणार नाही त्याच्या नावावर वेठ नव्हतीच असे धरले जाईल. हे मी तीनदा वाचले, कारण पहिल्या दोन वेळा मला वाटले की मोबदला आम्हाला आहे.

३. आता माझे वडील मायाप्पा कसे गेले ते लिहितो. शके १८३९ च्या भाद्रपदात इनामदारांचे बिऱ्हाड जत्रेहून परत येत होते. इनामदारांना परगावी दुसऱ्याच्या बंबातले पाणी अंगावर घ्यायचे चालत नसे, म्हणून वाड्यातला तांब्याचा मोठा बंब सोबत नेत. त्या दिवशी बंबाची पाळी वडिलांची होती. माण नदीला वरून पाणी आले होते. बिऱ्हाडाच्या गाड्या आधीच पार झाल्या होत्या आणि पलीकडून कारकून वेणीमाधवपंत घाई करीत होते. वडिलांच्या मागून सिद्धप्पा नावाचा वेठकरी सतरंज्यांचे ओझे घेऊन उतरला होता. तो आज साठीचा आहे. त्याचा जबाब अंगठ्यासह जोडला आहे, पण त्याचे शब्द इथेही देतो, कारण जोडलेले कागद वाचले जात नाहीत असा माझा अनुभव आहे. तो सांगतो : "पानी छातीला लागलं तवा मी वरडलो, बंब सोड मायाप्पा! त्यो म्हनला, सोडला तर भरून द्याया लागंल की. दोरी कपाळाला बांदल्याली हुती. मंग दिसलाच न्हाय."

४. त्या दिवसाची वाड्यातल्या पाळीवहीतली नोंद मी स्वतः नकलून घेतली आहे : "बंब तांब्याचा, नग एक, नदीत पडला, दुसरे दिवशी सापडला, तळास पोचा. पोच्याबद्दल मायाप्पाचे घरून मेंढी एक. मायाप्पा गैरहजर." साहेब, पोचा लिहिला आहे. किती बोटे खोल तेसुद्धा समासात लिहिले आहे. माझा बाप गैरहजर आहे. सिद्धप्पाने वेणीमाधवपंतांचे पाय धरून मयत लिहा म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "मढं दाखव, मयत लिहितो." मढे काही सापडले नाही. गावचे पाटील वाड्याला विचारल्याशिवाय जन्ममृत्यूच्या दाखल्यात अक्षर उमटवीत नसत, तेव्हा तिथेही काही नाही.

५. पाळीवहीचा रिवाज असा होता की मयताची पाळी माफ, परंतु गैरहजराची पाळी त्याच्या घराने भरायची. ते घर म्हणजे आई, अंबुबाई. ती सन १९१७ पासून वेठ बंद होईपर्यंत पंधरा वर्षे माझ्या बापाच्या नावावर वाड्यात राबली. तिला कोणते काम नेमून दिले होते ते आपण ऐकून ठेवावे. त्याच बंबात पाणी भरायचे आणि त्याला जाळ घालायचा. पोचा तांबटाकडून काढून घेतला होता, पण हात फिरवला की जागा लागते असे ती सांगते. माझी आई दर पाळीला पहाटे त्या जागेवरून हात फिरवून बंब घाशीत असे आणि श्रीमंत गरम पाण्याने अंघोळ करीत असत.

६. मोठा झाल्यावर मी तिला म्हटले, तू जाऊ नकोस, काय करायचे ते करू देत. मेंढरे विकून सोलापूरला ये. ती आली नाही. तिचे म्हणणे : "वहीत नाव हाय तवर त्यो हाय. मी पाळी चुकवली तर पंत नाव कापत्याल. नाव कापलं म्हंजी त्यो गेला की रं." आमच्या लोकांत ज्याचे मढे दिसले नाही त्याला एकदम गेला म्हणत नाहीत, वाट पाहतात. त्यात तिला अक्षर येत नाही, म्हणून वहीवर तिचा फार विश्वास. पंतांना हे ठाऊक होते. ते दर वर्षी नवी वही घालताना तिला अंगणात बोलावून नाव वाचून दाखवीत, "मायाप्पा धुळा बंडगर, हाय बघ," आणि ती घरी जाऊन पुरणाची पोळी करी. हा शुद्ध लबाडपणा आहे. त्याला दुसरा सभ्य शब्द मला माहीत नाही, कचेरीला माहीत असल्यास खोडून तो घालावा.

७. हे सर्व तोंडी सांगण्यासाठी मी गिरणीतून दोन खाडे करून आपल्या कचेरीत आलो. टेबलावरच्या कारकुनांनी मला ऐकवले की बाप गैरहजर असेल तर त्याला हजर कर, मयत असेल तर दाखला आण, आणि दाखला नसेल तर तू कोण? मी म्हणालो, मुलगा. ते म्हणाले, कशावरून? साहेब, ज्या वहीवरून इनामदारांचा हक्क शाबीत होतो, तिच्यावरूनच माझा बाप शाबीत होत नाही काय? याचे उत्तर त्यांनी पान खाऊन झाल्यावर देतो म्हणून सांगितले, ते अद्याप यायचे आहे.

८. माझी खरी अडचण आता लिहितो. नोटिशीप्रमाणे मी वडिलांच्या जागी सही केली तर विरुपाक्षरावांना माझ्या बापाबद्दल दर साल बारा रुपये मिळतील. म्हणजे ज्याने बुडवले त्यालाच बुडालेल्याची किंमत पोचेल, आणि तीही माझ्या सहीने. सही केली नाही तर सरकारी दप्तरात कायमचे लिहिले जाईल की मायाप्पा बंडगर याने कधी वेठ केलीच नाही. मग तो नदीत कशाला उतरला होता? पोहायला? माझी आई पंधरा वर्षे कोणाच्या चुलीपुढे बसली होती? दोन्हीकडून मीच खोटा ठरतो, अशी ही नोटीस कोणी हुशार माणसाने काढली आहे.

९. यावर सोलापूरच्या साप्ताहिकात वाद चालू आहे तो आपण वाचत असालच. एका वकीलसाहेबांनी लिहिले की हक्क बुडाला तर मोबदला मिळणे हा न्याय आहे, परंतु वेठकऱ्यांच्या जुन्या दुःखाची भरपाई मागू लागलो तर कोणाच्या आज्याने कोणाच्या आज्याला काय केले याला अंत राहणार नाही. माझा त्यांना सवाल आहे. इनामदारांची सनद दीडशे वर्षांची. ती त्यांच्या खापरपणज्याने मिळवली, विरुपाक्षरावांनी नव्हे. तिचा हक्क चालतो, तर तिचा दोष का चालत नाही? कागद जुना झाला की त्याला वजन येते आणि आमचा माणूस जुना झाला की त्याची मुदत संपते, हा कायदा कोणत्या बुकात आहे ते कलमासह कळवावे. माझा बाप तर आजाही नव्हे. त्याला जाऊन सतराच वर्षे झाली.

आपल्या कारकुनांनी मला असेही सांगितले की राबणाऱ्याला भरपाई देण्याचा सरकारात प्रघात नाही. हे मात्र खरे निघाले. आमच्या गिरणीच्या शाळेतील गंगाधर मास्तरांनी मला इतिहासातून काढून दाखवले की बरोबर शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारने साखरेच्या बेटांवरचे हबशी गुलाम मोकळे केले तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई वाटली. ती सगळी मालकांना. गुलामांना एक पैसा नाही, उलट मोकळे झाल्यावरही आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबण्याचा हुकूम. मास्तरांनी हे शांतपणे वाचले. मी मात्र बाकावरून उठलो आणि ओरडलो, की हे तर आमचे वेणीमाधवपंत! ती माणसे कोणत्या भाषेत बोलत होती मला माहीत नाही. पण त्यांच्यातही कोणी अर्ज केला असेल आणि त्याला प्रघात नाही असे उत्तर मिळाले असेल. एकदा चुकले तो प्रघात होतो, तर एकदा नीट करून तोही प्रघात पाडता येईल. सुरुवात अनुक्रमांक १७ पासून करावी.

१०. सबब माझे मागणे :
(अ) पाळीवहीत व आपल्या यादीत वडिलांच्या नावापुढे "गैरहजर" खोडून "वेठीवर मयत, माण नदी, भाद्रपद शके १८३९" असे आपल्या हस्ताक्षरात लिहावे.
(ब) अनुक्रमांक १७ चा मोबदला, सन १९१७ पासूनचा, अंबुबाई मायाप्पा बंडगर हिला द्यावा. हक्क इनामदारांचा बुडाला असेल, दिवस तिचे बुडाले.
(क) याला तरतूद नाही असे उत्तर येणार हे मी धरून चालतो. तसे असल्यास पैसे नकोत. त्याऐवजी श्रीमंत विरुपाक्षराव देसाई यांनी एक पाळी भरावी. सदर बंब कपाळाला दोरी बांधून, अनवाणी, खिलारमाळच्या वाड्यापासून माण नदीच्या उतारापर्यंत न्यावा. याला सरकारास एक पै खर्च नाही. दिवस वैशाखाचे आहेत, नदीत वाळूशिवाय काही नाही, त्यांच्या जिवाला काडीचा धोका नाही. पलीकडच्या काठावर वेणीमाधवपंतांना घाई करण्यास उभे करावे. मी त्यांना मयत म्हणणार नाही, फक्त हजर लिहीन.

११. सोबत आपली मूळ नोटीस सहीशिवाय परत, सिद्धप्पाचा जबाब, आणि पाळीवहीच्या पानाची नक्कल. कोर्ट फी स्टँप आठ आण्यांचा लावला आहे. अन्यायाची तक्रार करण्यासही अन्याय झालेल्यानेच स्टँप का घ्यावा, ही वेगळी तक्रार असून तिचा अर्ज वेगळा करीन.

१२. हा अर्ज पुरा झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. ती गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आली आहे. कलम (क) ऐकून ती हसली, आणि "त्येला झेपायचं न्हाय" एवढेच म्हणाली. (अ) मात्र तिने मला पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "सायेब सोता लिवनार? सरकारच्या वहीत?" मी हो म्हटले. तेव्हा ती म्हणाली, "मंग मी येती. पंतांनी लिवलं आसतं तर मानलं नसतं. सरकार म्हनलं गेला, तर गेला."

तरी कळविण्यात येते की सोमवारी अनुक्रमांक १७ तर्फे मी हजर राहणार नाही. माझी आई राहील. तिच्या कपाळावर आजही कुंकू आहे आणि हातात चुडा आहे, ते पाहून कारकुनांनी तिला सधवा समजून परत पाठवू नये. सतरा वर्षे तिने ते आपल्या लोकांच्या कुजबुजीत, एका वहीच्या भरवशावर सांभाळले. आपण तिच्यासमोर तो शब्द लिहावा आणि तिला मोठ्याने वाचून दाखवावा. ती तिथेच, आपल्या टेबलापुढे, कुंकू पुसणार आहे. त्या वेळी कोणीही खुर्चीवर बसून राहू नये, एवढे मी हक्काने मागतो.

यापुढे कोणाच्याही पाळीवर नसलेला,

धुळा मायाप्पा बंडगर
(सही स्वतःची, बापाच्या वतीने नव्हे)

सोलापूर, तारीख २१ मे १९३४