खापरावरचे इंगळ

माय, आज नांदेडला आमच्या कॉलेजात ‘इंगळ’ शिकवला. म्हणजे धड्यात तो शब्द आला आणि पोरं थांबली. इंगळ म्हणजे काय, एकालाही ठाऊक नाही. घरोघरी गॅस, त्यांचा काय दोष? मी फळ्यावर त्याची वंशावळ मांडली: संस्कृतात अंगार, प्राकृतात इंगाल, आपल्या चुलीपाशी येईपर्यंत इंगळ. जाळ गेला तरी आतून लाल असतो तो, असं सांगितलं. मग ‘दोघांत विस्तव जात नाही’ हे कुठून आलं ते सांगायला लागले आणि तूच समोर येऊन बसलीस.

लातूर जिल्हा झाला ते साल. निलंग्यात पावसानं पाठ फिरवलेली आणि टँकरपाशी घागरीच्या नंबरावरून तुझं नि शेजारच्या दुकानवाल्या काकूचं वाजलेलं. तोवर सकाळी एकीच्या चुलीतल्या इंगळावर दुसरीची चूल पेटायची. ते बंद झालं. तू भाकरी थापतेस, भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या की तुझा हात थांबतो. तिच्यावाचून तुला करमत नव्हतं, पण आधी बोलणार कोण? दोघी एकीपेक्षा एक. बाप्यांचं मात्र काही अडलं नव्हतं, बाबा सामान त्यांच्याच दुकानातून आणत.

जिल्हा झाल्याची बातमी आली, गल्लीत साखर वाटली. तू शिऱ्याला रवा काढलास आणि माझ्या हातात खापर दिलंस. “जा, काकूला म्हणावं इंगळ दे.” मी दिवळीतल्या काडेपेटीकडं बघितलं. तू ती उचलून कमरेला खोचलीस.

काकूनं खापर बघितलं, मग मला. “कालच तर तुझा बाप काडेपेटी घेऊन गेला की गं.” मी खापर आणखी पुढं केलं. ती पोट धरून हसली. खापरात इंगळ भरले आणि माझ्या हाती न देता स्वतःच घेऊन निघाली. तुझ्या चुलीपुढं बसत म्हणाली, “साखर नीट टाक, लई चिकट हाईस तू.” तुम्ही दोघी आळीपाळीनं फुंकर घालत होता, आणि मला इतका आनंद झाला होता की शिरा होईपर्यंत मी अंगणात नुसती उड्या मारत होते.

पोरं हे ऐकून खूप हसली. त्यांना एक सांगितलं नाही, आणि तू गेल्यावर हे पत्र तरी कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून तुलाच सांगते. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद होतं. काल त्यांच्याकडं काडेपेटी मागायला गेले. चहा घेऊनच आले. माय, माझ्या ओट्यावर दोन लायटर आहेत.