दुप्पट ढीग

दि. ९ मार्च, दुपार

थोरल्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. डॉक्टरांनी थेंब दिलेत, मी घालतो, निम्मे गालावर जातात. जिन्यातला दिवा परत गेलाय. तुझी आई अंधारात घसरेल असं सारखं मनात येतं. ती बंद दाराआडून म्हणते, "तुम्ही आधी तोंड आवरा, मग दिव्याचं बघू." ती असं का म्हणते ते पुढे येईल.

फोनवर तू भराभर बोलतोस आणि माझं राहून जातं, म्हणून पत्र.

परवा तू म्हणालास, "बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं? धाकटीला समजवा, घरातलं घरात राहू दे." मी सातवी शिकलेला, जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात गेला. कळत नाही हे खरं. पण तिने मला समजावून सांगितलं होतं. झाडाच्या पेशीतला मजकूर मशीन सलग वाचत नाही, बारीक तुकडे करून वाचतं. मग प्रत्येक तुकडा आधीच्या तयार मजकुरावर जिथे जुळेल तिथे ठेवायचा. सगळीकडे ढीग साधारण सारखे होतात. एखाद्या जागी दुप्पट झाला, तर ते जनुक झाडात दोनदा असणार. हुबेहूब सारखं म्हणून आधीच्यांनी एकच धरलं. मी म्हटलं, "म्हणजे दोन वॉर्डांच्या चादरींवर एकच खूण." ती खूप हसली होती.

टोमॅटोत तिला असा ढीग सापडला, झाड वाळवणाऱ्या मर रोगाला तोंड देणाऱ्या जनुकावर. प्रयोगशाळेत तू तिचा साहेब. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "मशीनने त्याच तुकड्यांच्या नकला काढल्या, त्या न गाळता तू मोजल्यास. कॉलेजातली पोरं करतात ही चूक." तिने त्या गाळल्या होत्या रे. घरी येऊन रडत रडत परत गाळून पाहिल्या. ढीग दुप्पटच राहिला. तरी तिने तो अहवालातून काढला. थोरला म्हणतो म्हणजे आपलंच चुकलं, हे तिला या घराने शिकवलंय.

आणि मग तोच शोध तुझ्या नावावर छापून आला. "आभारात आहे ना तिचं नाव," तू म्हणालास. आभार तर तू चहावाल्याचेही मानतोस. मे महिन्यात तिची नोकरी संपते. शोधावर तिचं नाव असतं तर पुढची मिळाली असती. आता कुठेही गेली तरी चुका करणारी म्हणूनच ओळखतील.

मला भीती वाटते. तू रागावशील, सूनबाई फोन उचलणार नाही, नातीचा आवाज कानावर पडणार नाही. हे पत्र फाडलं, परत लिहिलं, परत फाडलं.

तर झालं असं. धाकटीने शेवटी तक्रार केली, त्यावर आज सकाळी तिला चौकशी समितीपुढे जायचं होतं. जाऊ नकोस म्हणून सांगायला मी तिच्या खोलीत गेलो, आणि चपला घालून तिच्याबरोबरच निघालो. बाहेर बाकावर बसलो होतो. अध्यक्षबाई बाहेर आल्या. "आजोबा, पाणी हवंय का?"

मी म्हटलं, "मला बोलायचंय."

गेल्या रविवारी जेवताना तू हसत हसत जे बोललास ते सांगितलं. "पहिल्यांदा तिलाच दिसलं, बाबा. पण तिचं ऐकलं कोणी असतं? मी छापलं म्हणून जगाने पाहिलं." अक्षर न् अक्षर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

तुझ्या आईला कळल्यावर ती म्हणाली, "पोटच्या पोराविरुद्ध साक्ष? अक्कल कुठे गहाण टाकलीत?" मी म्हटलं, "तीही पोटचीच आहे." तिने दार लावून घेतलं, अजून उघडलेलं नाही.

शुक्रवारी तुला बोलावतील. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, काहीही बरळतो, असं तुला सांगता येईल. लोक विश्वास ठेवतील, मी दिसतोही तसाच. मी खोडून काढायला येणार नाही, एवढंच बळ होतं, ते आज संपलं. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होतो. वाटेल. खरं बोललास तर खुर्ची जाईल कदाचित, पण या घरात तुला जेवायला वाढेन. खोटं बोललास तर इकडे फिरकू नकोस, मी गेल्यावरही नको.

शुक्रवारपर्यंत तुझाच,
बाबा